बोस्नियावाली आणि आमचं खळं

बोस्निया नकाशात कुठे आहे हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आमच्या शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात तो देश नव्हताच. नकाशा जुना होता, त्या जागी युगोस्लाव्हिया लिहिलेलं होतं. तरीही बोस्नियातल्या एका बास्केटबॉल खेळाडूबद्दल मी चार-पाच वर्षं मुलींना सांगत राहिलो. तिचं गाव, तिची आई, तिची गुरं, तिचे पाय. त्यातलं बहुतेक मला माहीत नव्हतं. आज हे लिहायला बसलो आहे, कारण त्यातली एक गोष्ट मी मुद्दाम खोटी सांगितली होती, आणि ती खरी मानून एका मुलीने खूप सोसलं.

मुरबाड तालुक्यात, शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं गाव. नव्वदीच्या सुरुवातीला गावच्याच शाळेत मी खेळाचा शिक्षक म्हणून लागलो. कॉलेजात बास्केटबॉल खेळलो होतो. म्हणजे बराचसा वेळ बाकावर बसून खेळ पाहिला होता. पण खेळ मनात राहिला होता. एकदा कल्याणला स्टेशनाबाहेरच्या रद्दीवाल्याकडे इंग्रजी मासिकं चाळताना मला तिचा फोटो दिसला. एक फार उंच बाई, हात वर ताणलेला, चेंडू रिंगच्या अगदी काठावर, आणि भोवतालच्या बाकी खेळाडू तिच्या खांद्याला लागलेल्या. खाली चार ओळी होत्या. त्या मी घरी येऊन शब्दकोशावरून लावल्या. ती बोस्नियातल्या एका लहान खेड्यातली होती. खेळायला उशिरा लागली होती. युरोपातल्या मोठ्या खेळाडूंत तिचं नाव घेतलं जाई. आणि तिच्या देशात आता लढाई चालू होती. बस, एवढंच. नाव छापलेलं होतं, पण ते मला नीट उच्चारता येईना, म्हणून आम्ही तिला 'बोस्नियावाली' म्हणू लागलो.

हे नाव दिलं ते आठवीतल्या एका मुलीने. तीही उंच होती. बौद्धवाडीतली. वडील कल्याणला नोकरीला, पहाटेच्या एसटीने जाणारे. आई आमच्याच शेतावर आणि आजूबाजूला मजुरीला येई. पोरगी वर्गाच्या दारातून आत येताना नकळत मान वाकवायची. वाकवायची गरज नसायची, पण सवय झाली होती. वर्गातल्या मुली तिला सोडत नसत.

"काय गो, वर हवा कशी हाय?"

"वर थंड हाय. खाली तुमच्याकडं वास मारतो," ती म्हणायची.

तिची आईसुद्धा हसून म्हणे, "हिला बघायला येणाऱ्यानं शिडी घेऊन यावी."

मी तो फोटो तिला दाखवला. तिने तो बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, "सर, ही दारातून कशी जात असंल?"

"वाकून," मी म्हणालो. "तुझ्यासारखी."

इथून माझं बनवणं सुरू झालं. तिचे प्रश्न थांबत नसत, आणि माझ्याकडे चारच ओळी होत्या. बोस्नियावालीची आई काय करायची? शेतात राबायची. तिच्याकडे गुरं होती? होती, ती राखायची. तिलापण पोरी चिडवायच्या? चिडवायच्या, पण ती लक्ष द्यायची नाही. यात मला काही चूक वाटत नव्हती. शिक्षक गोष्ट सांगताना मीठमसाला घालतोच. आणि पोरगी खेळू लागली होती.

खेळायला मैदान मात्र नव्हतं. शाळेची जागा उताराची आणि मुरमाड. चेंडू एकदा सुटला की ओढ्यात. मग मला आमचं खळं सुचलं. आमचं खळं गावात मोठं होतं. भाताची झोडणी झाली, गोणी घरात गेल्या, की पौषापासून पुढच्या पावसापर्यंत ती जागा मोकळीच असे. जमीन खरवडून, पाणी मारून, चोपून अशी घट्ट केलेली की त्यावर टाकलेला दाणा उडावा. चेंडू तर सिमेंटवर उडावा तसा उडे. मी लोहाराकडून बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेची रिंग करून घेतली, शाळेतला फुटका लाकडी फळा मागे ठोकला, आणि खळ्याच्या कडेला सागाचा खांब रोवला.

वडिलांना विचारलं. ते पडवीत सुपारी कातरत बसले होते.

"खेळा की, मास्तर," ते म्हणाले. मला नोकरी लागल्यापासून ते मला मास्तरच म्हणत, अर्धं कौतुकाने, अर्धं चिडवायला. "पण पायातलं बाहेर. खळ्यावर लक्ष्मी असते."

त्यात काही नवीन नव्हतं. खळ्यावर चप्पल घालून कोणी जात नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तशीही मुलींच्या पायात चप्पल असली तर असे. अनवाणी खेळायला लागल्या. खेळून खेळून सारवण उडालं, पोपडे निघाले. तेव्हा त्या मुलीची आई शेणाची पाटी घेऊन आली आणि सगळं खळं पुन्हा सारवून गेली. मजुरी देऊ केली तर म्हणाली, "माझी पोरगी खेळते ना तिथं. त्याचं काय घेऊ?" माझ्या आईने तिला पाणी दिलं. वरून, ओंजळीत. ते मी पाहिलं आणि नेहमीसारखं न पाहिल्यासारखं केलं.

दोन वर्षांत पोरगी तालुक्यात गाजली. दहावीत असताना जिल्ह्याच्या शिबिराला तिची निवड झाली. पंधरा दिवस राहून ती परत आली ती पायात पांढरे बूट घालूनच. शिबिरात दिलेले. मुरबाडच्या स्टँडपासून जीपमध्ये ती पाय आत ओढून बसली होती म्हणे, कुणाचा पाय त्यावर पडू नये म्हणून. संध्याकाळी ती खळ्याशी आली आणि कडेला उभी राहिली. आत आली नाही.

"सर, बूट भेटले. बघा ना. ह्याच्यात उडी मारली की खाली येताना लागतच नाय."

वडील बांधावर बसले होते. ते तिच्याशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले.

"मास्तर, सांग तिला. पायातलं."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला त्या क्षणी पूर्ण माहीत होतं. मी शिकलेला होतो. दगडासारख्या जमिनीवर रोज दोनशे-तीनशे उड्या अनवाणी मारल्या की गुडघ्याचं काय होतं, हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. वर जाऊन एवढंच म्हणायचं होतं, बाबा, झोडणीच्या वेळी नाही घालणार कोणी, पण आता इथे भात नाही, आता हे मैदान आहे. एवढं एक वाक्य. मी ते म्हणालो नाही. तिच्याकडे वळून म्हणालो, "काढ गो बूट."

"मग घालू कुठं?"

"मॅचला घाल. बोस्नियावालीसुद्धा लहानपणी अनवाणीच खेळायची. बारा-पंधरा वर्षांची होईपर्यंत. म्हणून तर तिचे पाय इतके मजबूत. बुटाने पाय नाजूक होतात."

हे शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज निघाले की मलाच नवल वाटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे. "खरंच?" म्हणाली. "तिच्या गावात पण खळं होतं?"

"होतं."

तिने बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधल्या आणि खांबाला खिळा होता त्यावर टांगले. पुढचा सगळा हंगाम हेच चालू राहिलं. ती येताना घालून यायची, टांगायची, खेळायची, आणि घालून घरी जायची.

याच्या पुढची गोष्ट लिहायला मला सर्वांत जड जातं. पुढच्याच रविवारी आमच्या आळीतले तिघे-चौघे खळ्यावर क्रिकेट खेळत होते. कॅनव्हासचे बूट घालून. वडील त्याच बांधावर बसून त्यांना हसून सांगत होते, "अरे, चेंडू कौलांवर घालू नका रे." मी दारात उभा होतो. लक्ष्मी त्या दिवशीही खळ्यावर असणारच. तेव्हा मला कळलं की नियम खळ्याचा नव्हता. खरं म्हणजे तिला बूट काढायला सांगितले त्या संध्याकाळीही कळलं होतं. वडील वाईट नव्हते. तिची आई आजारी पडली तेव्हा त्यांनीच गाडी जुंपून तिला दवाखान्यात नेलं होतं. पण हे खळं आपलं, आणि कुणी त्यावर कसं यायचं हे आपण सांगायचं, एवढं त्यांच्यात होतं. माझ्यात त्यांच्यासमोर तोंड उघडण्याइतकंही नव्हतं. मी आत जाऊन पेपर वाचत बसलो.

पुढच्या वर्षी ती मुरबाडला अकरावीला गेली, पण खेळायला माझ्याकडेच येई. मार्चमध्ये तिची आई मला रस्त्यात भेटली. "सर, पोरीचा डावा गुडघा सुजतो. संध्याकाळी घरची पायरी चढताना भिंत धरते."

"खेळणाऱ्याचं होतं तसं," मी म्हणालो. "मलम देतो."

दिलंही. मुलीला विचारलं तर ती म्हणे, "नाय हो सर, कायपण नाय." मीही पुढे विचारलं नाही. निवड चाचणी महिन्यावर आली होती. ती राज्याच्या संघात गेली असती तर खेळाडू म्हणून तिला कुठेतरी चांगली नोकरी मिळाली असती. आमच्या भागातून तसं कोणी गेलेलं नव्हतं. तिच्याबरोबर माझंही नाव झालं असतं, हेही खोटं का बोलू.

चाचणी ठाण्याला होती. एसटीने कल्याण, तिथून पुढे. तिने बूट घातले तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते तिला आखूड झाले आहेत. वर्षभर खेळताना ते खिळ्यावरच टांगलेले असत. तेवढ्यात पाय वाढला होता. पुढे टोचू नयेत म्हणून तिने अंगठे आत दुमडले. "चालतं सर," म्हणाली. सिमेंटच्या मैदानावर ती दहा मिनिटं अशी खेळली की कागद घेऊन बसलेले निवड करणारे कागद खाली ठेवून पाहू लागले. मग रिंगखाली एक उडी. वर गेली ती नेहमीसारखी. खाली आली तेव्हा डावा पाय वेगळ्याच दिशेला गेला. मी दहा-बारा हातांवर होतो, आणि मला तो आवाज ऐकू आला.

ती रडली नाही. मैदानावर बसून तिने आधी बूट काढले.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, असं कोणालाही होऊ शकतं. पण गुडघा आतून आधीपासूनच झिजल्यासारखा, दुखावलेला वाटतो, हेही म्हणाले. कशाने, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आजवर मला कोणी दोष दिलेला नाही. तिच्या आईने तर दवाखान्यातून घरी येताना मलाच म्हटलं, "सर, तुमी जेवला नाय सकाळपासून." ते मला शिवीपेक्षा लागलं.

ती पुन्हा खेळली नाही. बारावी झाली, लग्न झालं, पुढे वाडीतल्या अंगणवाडीत तिला काम लागलं. गुडघा पूर्ण वळत नाही. विहारात वंदनेला सगळे खाली बसतात तेव्हा ती मागे भिंतीला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसते, डावा पाय सरळ पुढे काढून. भाताच्या लावणीला तिला कोणी बोलावत नाही. मी शाळेत होतोच. मुली येत गेल्या, पण मी बास्केटबॉल सोडून खो-खो घेऊ लागलो. का, म्हणून कोणी विचारलं तर म्हणायचो, आपल्याकडे त्याला मैदान नाही. बोस्नियातली लढाई संपल्याची बातमी कधीतरी वाचली. त्या खेळाडूचं काय झालं ते शोधावं असं वाटलं, आणि भीतीही वाटली. कुठेतरी तिच्या लहानपणीच्या पायांबद्दल काही लिहिलेलं सापडलं असतं तर?

वडील गेले. झोडणी यंत्रावर होऊ लागली, तसं खळं कोणी चोपेना, सारवेना. त्यावर गवत आलं. मग रस्त्यालगतची ती पट्टी भावाने विकली, आणि मुंबईच्या कोणीतरी तिथे फार्महाऊससाठी कुंपण घातलं. खांब काढायला मी गेलो होतो. रिंग आणि फळा घरी आणून माळ्यावर टाकले.

दोन हजार सालानंतर सात-आठ वर्षांनी ती माझ्याकडे आली. पायऱ्या एकेक करून चढली.

"सर, ती रिंग हाय का अजून?"

"आहे. कशाला?"

"विहारासमोर जागा हाय. वाडीतल्या पोरी दिवसभर टीव्हीसमोर पडलेल्या असतात. माझी पोरगीपण. लांबडी हाय, माझ्यावर गेली." ती हसली. "खांब तुमीच रोवून द्या. तुमाला उंची माहीत हाय."

रविवारी सकाळी मी गेलो. खड्डा मुलींनीच खणून ठेवला होता. नऊ जणी होत्या. मुंबईच्या कुणी सद्गृहस्थांनी वाडीत बूट वाटले होते. ते नवेकोरे बूट विहाराच्या ओट्यावर ओळीने लावलेले होते, आणि मुली अनवाणी. जमीन सारवलेली, चोपून घट्ट केलेली. मी खांब उभा करून शिडीवरून नट आवळत होतो आणि खाली खुर्चीवर बसून ती मुलींना सांगत होती.

"बूट मॅचच्या दिवशी. आता नाय. अनवाणी खेळलं की पाय घडतात. बोस्नियात एक होती, मोठी खेळाडू, जगात नाव. ती पंधरा वर्षांची होईस्तोवर अनवाणीच खेळली. खळ्यावर. नाय का हो सर?"

मी शिडीवरून मान हलवली. हो म्हणून.

खाली उतरलो आणि पुन्हा वर चढलो. घट्ट असलेला नट पुन्हा आवळला. तिची मुलगी खाली उभी राहून उडी मारून पाहत होती. उडी मारून खाली आली की तिच्या टाचा जमिनीवर आपटल्याचा आवाज येई. तो आवाज मी चार वर्षं रोज ऐकलेला होता. मी खाली आलो, तिच्या खुर्चीशी जाऊन उकिडवा बसलो आणि म्हणालो, "ते खरं नव्हतं."

"काय?"

"अनवाणीचं. मासिकात तसं काही नव्हतं. ते मी बनवलं."

तिला कळायला वेळ लागला. "सगळंच?"

"ती खेड्यातली होती, उंच होती, मोठी खेळाडू होती, हे खरं. गुरं मी घातली. आईचं मी घातलं. ते असंच, गोष्ट म्हणून. अनवाणीचं मात्र मुद्दाम सांगितलं. वडिलांना बूट राहू द्या म्हणायची माझी हिंमत नव्हती."

ती मुलींकडे पाहत होती. माझ्याकडे नाही.

"मग तसं सांगायचं होतं ना," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या वडलांचं नको म्हणणं मला काय नवीन होतं? आईनं घरीच सांगितलं होतं, बूट घालून खळ्यावर जाऊ नको. ते मी सोसलं असतं, सर. मी बाहेर रस्त्यावर खेळले असते. तुमी तिला कशाला मधी आणलं?"

मी हातातला पाना जमिनीवर ठेवला.

"गुडघा दुखायचा ना, तवा मी म्हणायची, तिचापण दुखला असंल. ती नाय बसली, मग मी कशाला बसू. आईला सांगू द्यायची नाय मी. मलम लावून झोपायची. तिच्यापायी." मग म्हणाली, "आणि ती बिचारी तिकडं बूट घालून खेळत असंल."

मी चुकलो म्हणालो. तिने ते ऐकलं न ऐकलं.

"मला नका सांगू. पोरींना सांगा. मी त्यांना सांगणार नाय, तुमीच सांगा."

मी नऊ मुलींसमोर उभा राहिलो. मी सांगितलं. बोस्नियावाली अनवाणी खेळायची हे खोटं आहे, ते मी तुमच्या बाईंना त्यांच्या लहानपणी सांगितलं होतं, आणि कडक जमिनीवर अनवाणी उड्या मारल्याने गुडघे जातात. बाईंचा गेला.

एक बुटकी मुलगी म्हणाली, "म्हंजे ती बूट घालायची?"

"घालत असेल. मला माहीत नाही."

"मग तुमाला काय माहीत हाय, सर?"

बाकीच्या हसल्या. "ती उंच होती," मी म्हणालो. "आणि खेड्यातली होती."

"एवढंच?"

"एवढंच."

त्या ओट्याकडे पळाल्या. कुणाचा बूट कुणाला, डावा उजव्याला, गलका सुरू झाला. ती बुटकी मुलगी नाडी लोंबकळतच परत आली. बाईंनी तिला थांबवलं. वाकायला गेल्या, गुडघा वळेना, तशा पुन्हा मागे टेकल्या.

"सर," माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "तिची नाडी बघा. दोन गाठी मारा, सुटते नायतर."

मी खाली बसून दोन्ही पायांच्या नाड्या बांधल्या, दोन-दोन गाठी मारून. मग रांगेत उभ्या राहिलेल्या बाकीच्यांच्याही.

ती वाटेत कुठे भेटली की चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाही. त्या दिवशी तिने चहाचं विचारलं नाही. मी शिडी खांद्यावर घेतली आणि निघालो. मागे चेंडू फळ्यावर आपटत होता. टाचांचा आवाज येत नव्हता.